विश्लेषण : हवामान बदलाचा वकील कंपनीकडे आहे, सरकारकडे आहे, यवतमाळच्या कास्तकाराकडे कधी येणार?

सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या तिघांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात नुकसानभरपाईसाठी कायदेशीर पाऊल उचललं. त्यात फवारणीच्या विषबाधेत नवरा गमावलेल्या दोन महिला होत्या आणि जीव वाचलेला एक शेतकरी. समोर होती सिंजेंटा, जगातल्या सर्वात मोठ्या कीटकनाशक कंपन्यांपैकी एक. त्याच महिन्यात यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्विस सरकारच्या एका यंत्रणेकडे स्वतंत्र तक्रारही दाखल झाली.

यवतमाळ ते बासेल हे अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. हे अंतर त्या कुटुंबांनी एकट्याने कापलं नाही. स्वित्झर्लंडमधली 'पब्लिक आय', बर्लिनमधली 'ईसीसीएचआर', भारतातली 'पॅन इंडिया' आणि विषबाधित शेतकऱ्यांची स्थानिक संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. म्हणून वकील मिळाला, कागद जमले आणि मुदतीच्या आत अर्ज गेला. हे पाठबळ नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसलेला माणूस देऊ शकेल.

हवामान बदल आणि शाश्वत विकास या विषयांवर कायदेशीर सल्ला देणं हे आता मोठं क्षेत्र झालं आहे. कंपन्या आणि सरकारं त्यासाठी तज्ज्ञ नेमतात. पण ज्याच्या शेतात हा बदल प्रत्यक्ष उतरतो, त्याच्यापर्यंत हा सल्ला पोहोचत नाही. पोहोचलाच तर नुकसान झाल्यानंतर, बहुधा मुदत संपत आल्यावर. हा उलटा क्रम बदलायला हवा आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

२०१७ मध्ये नेमकं काय घडलं होतं?

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यांत यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दाखल होऊ लागले. उलट्या, श्वास लागणं, डोळ्यांची आग, काहींना तात्पुरतं दिसेनासं होणं. त्या हंगामात जिल्ह्यात २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि ८०० हून अधिक जणांना विषबाधा झाली.

कारणं एकात एक गुंतलेली होती. त्या वर्षी अनेक शेतांत पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी किंवा त्याहून उंच झाली होती. पंप पाठीवर, नोझल डोक्याच्या वर, त्यामुळे औषधाचे तुषार थेट तोंडावर आणि अंगावर. बोंडअळी आणि इतर किडींमुळे फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधं एकत्र मिसळण्याची पद्धत होतीच. दमट उकाड्यात मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून दिवसभर फवारणं जवळपास अशक्य होतं, आणि बहुतेकांकडे ते साहित्य नव्हतंच.

राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना २ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. पुढे पोलीस नोंदींच्या आधारे पब्लिक आय आणि सहयोगी संस्थांनी मांडलं की ९६ विषबाधा प्रकरणांत, त्यातल्या दोन मृत्यूंतही, सिंजेंटाच्या 'पोलो' या कीटकनाशकाचा उल्लेख आहे. आपल्या उत्पादनामुळेच हे घडलं असा पुरावा नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. पोलोमधला डायफेन्थियुरॉन हा घटक युरोपीय संघात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये आधीपासूनच वापरातून बाद झालेला होता. स्वित्झर्लंडने त्याच्यासह पाच घटकांच्या निर्यातीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली.

म्हणजे स्विस शेतात जे चालत नव्हतं, ते यवतमाळच्या शेतात फवारलं जात होतं. हे त्या वेळी कोणत्याही कायद्याचं उल्लंघन नव्हतं. इथेच कायदेशीर सल्ल्याचा प्रश्न सुरू होतो.

याचा हवामान बदलाशी काय संबंध?

पाऊस कधी आणि किती पडणार याचा नेम राहिला नाही की किडीचंही वेळापत्रक बदलतं. तापमान वाढलं की अनेक किडींची पिढी लवकर पूर्ण होते, आणि कीड वाढली की फवारणी वाढते. फवारणारा माणूस मात्र तोच, आणि त्याच्या अंगावरचा उकाडा आधीपेक्षा जास्त. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात हवामान बदलाचा धक्का बसतो तो असा, फवारणीच्या पंपातून आणि दवाखान्याच्या बिलातून.

तो कधी थेटही बसतो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावण्यात आली. ज्या जिल्ह्याची ओळख वर्षानुवर्षं दुष्काळाशी जोडली गेली, तिथली ही घटना. अशा प्रत्येक प्रसंगानंतर काही प्रश्न उरतातच. नुकसान कोणाचं, ते मोजायचं कोणी, भरपाई कोणत्या नियमाखाली आणि किती दिवसांत मागायची? हे सगळे कायद्याचे प्रश्न आहेत.

कंपन्यांना हा सल्ला का लागतो?

कारण नियम झपाट्याने बदलत आहेत. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सर्वात मोठ्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर', म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल देणं बंधनकारक केलं. किती वीज वापरली, किती पाणी, किती कार्बन सोडला, कामगारांच्या सुरक्षेचं काय, ग्राहकांच्या तक्रारी किती, हे त्यात लिहावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिमेंटसह काही उद्योगांसाठी उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टं अधिसूचित केली. म्हणजे एक टन माल बनवताना किती हरितगृह वायू सोडायचा याला मर्यादा आली. युरोपात सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम निर्यात करायचं तर तिथला कार्बन करही मोजावा लागतो.

वणीचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट, लोहारा एमआयडीसीतलं डेनिम. यवतमाळसारख्या शेतीच्या जिल्ह्यातही या नियमांच्या कक्षेत येणारे उद्योग आहेत. त्यांनी कायद्याचा सल्ला घेणं यात गैर काहीच नाही, उलट ते आवश्यकच आहे.

पण सल्ला दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे खटला झाला तर कंपनी कशी वाचेल ते सांगणारा. डबीवर इशारा छापा, आत माहितीपत्रक टाका, 'संरक्षक साधनं वापरावीत' ही ओळ घाला आणि जबाबदारी वापरणाऱ्यावर टाका. कागदावर सगळं बिनचूक. दुसऱ्या प्रकारचा सल्ला विचारतो की हा माल विकत घेणारा माणूस कोण आहे? ३८-४० अंशांत तो हे साहित्य घालू शकतो का? माहितीपत्रकावरची बारीक अक्षरं तो वाचू शकतो का? उत्तर 'नाही' असेल तर तो माल त्या बाजारात विकावा का? पहिला सल्ला कंपनीला खटल्यातून सोडवतो आणि दुसरा मुळात खटल्याची वेळच येऊ देत नाही.

अभियांत्रिकीत हा फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. पूल कोसळल्यावर दोष कोणाचा हे शोधणं वेगळं आणि तो कोसळू नये म्हणून आधीच जास्तीचा भार धरून आखणी करणं वेगळं. जबाबदार उद्योगासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभाही हाच आहे: धोका आधी शोधा, तो टाळा आणि तरीही नुकसान झालं तर भरून द्या. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही उद्योगांकडून अशीच अपेक्षा केली आहे. त्यांच्याच पायावर सेबीचा अहवाल उभा आहे. प्रश्न इतकाच, की तो अहवाल लिहिताना पंप पाठीवर घेतलेला मजूर कोणाच्या डोळ्यांसमोर असतो का.

आणि सरकारला?

सरकारांनाही आता वकिलांना हवामानाबद्दल विचारावं लागतं. २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. मूळ प्रकरण राजस्थान-गुजरातमधल्या माळढोक पक्ष्याचं आणि वीजवाहिन्यांचं होतं, पण हा हक्क यवतमाळच्या नागरिकालाही तेवढाच लागू आहे. देशात हवामान बदलावर एक स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात नोंदवलं.

२३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि आपल्या हद्दीतल्या खासगी उद्योगांवर योग्य नियंत्रण ठेवणं हाही त्या कर्तव्याचा भाग आहे, असं मत त्याने दिलं. हे मत सल्लागार स्वरूपाचं आहे, ते कोणावर थेट बंधनकारक नाही. पण उद्या एखाद्या उच्च न्यायालयात जनहित याचिका आली तर त्याचा आधार घेतला जाईलच.

इथेही दोन प्रकारचा सल्ला संभवतो. 'हे मत बंधनकारक नाही' असं सांगून फाइल बंद करता येते किंवा पीकविम्याचा नियम बदलण्याआधी त्याचा फटका कोणाला बसेल हे तपासता येतं.

पीकविम्याचंच उदाहरण घ्या. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात १ रुपयात पीकविमा मिळत होता. खरीप २०२५ पासून ती सोय संपली. कापसासारख्या नगदी पिकासाठी शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत गेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती यांसारखी जोड संरक्षणं वगळली गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर आली. १ रुपयाच्या योजनेत बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे बदल करण्यामागे कारण होतं. पण परिणाम काय? ढगफुटीने एका नाल्याकाठची दहा शेतं खरडून नेली आणि मंडळातलं बाकीचं पीक बरं आलं, तर त्या दहा जणांचं नुकसान सरासरीत दिसणारच नाही. हवामान बदलामुळे पाऊस असाच तुकड्या-तुकड्यांत, कमी वेळात जास्त पडू लागला आहे. नेमक्या त्याच काळात वैयक्तिक नुकसानीचं संरक्षण काढलं गेलं. या निर्णयाची ही बाजू मांडायला शेतकऱ्याच्या वतीने टेबलावर कोण होतं?

शेतकऱ्याला वकील मिळण्याची सोय कायद्यात आहे का?

आहे, आणि ती १९८७ च्या कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचलं तर त्यात मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची यादी सापडते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांच्याबरोबर त्यात आणखी एक गट आहे. मोठी आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक दुर्घटना यांत सापडलेली व्यक्ती. या गटासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे शेत पुरात गेलेल्या किंवा दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. कोलाम किंवा गोंड कुटुंबाला तो अनुसूचित जमात म्हणून आहेच, आणि घरातल्या बाईला ती महिला असल्यामुळेच आहे.

यासाठी यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पुराचा पंचनामा करायला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात, पण त्यांच्याबरोबर विधी सेवेचा माणूस येत नाही. तुमचा हक्क काय, पंचनाम्याची प्रत मागा, त्यात चूक असेल तर हरकत कुठे घ्यायची, हे सांगणारं त्या बांधावर कोणी नसतं. कायद्याने शेतकऱ्याला वकील दिला आहे, यंत्रणेने तो बांधापर्यंत पोहोचवलेला नाही.

मुदतीचं घड्याळ का महत्त्वाचं?

कारण हक्क असूनही बहुतेक लोक हरतात ते मुदतीवर. बासेलचं उदाहरण समोर आहे. स्विस उत्पादन दायित्व कायद्यात नुकसान आणि उत्पादक कोण हे कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. विषबाधा २०१७ च्या हंगामातल्या आणि पाऊल उचललं गेलं सप्टेंबर २०२० मध्ये. घड्याळ जवळपास संपलेलं होतं. ५१ कुटुंबांची तक्रार गेली होती ती ओईसीडीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली. तिथे निकाल नसतो, मध्यस्थी असते, आणि ती २०२२ मध्ये समेटाशिवाय संपली. कोणता दरवाजा कुठे उघडतो आणि कोणत्या दरवाजामागे फक्त चर्चा आहे, हे आधी सांगणारा माणूस म्हणूनच लागतो.

आपल्याकडच्या मुदतीही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

• ग्राहक आयोग : बियाणं, कीटकनाशक, पंप सदोष निघाला तर तक्रारीसाठी दोन वर्षं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या कायद्यात सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरणही आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

• राष्ट्रीय हरित लवाद : पाणी, हवा किंवा पर्यावरण कायद्याखालच्या प्रदूषणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायला पाच वर्षं. इतर पर्यावरणीय वादांसाठी मात्र फक्त सहा महिने. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं.

• कागद : औषधाची पक्की पावती, डबीचा आणि बॅच नंबरचा फोटो, दवाखान्याचा केस पेपर, पंचनाम्याची प्रत, सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद.

यातली शेवटची यादी सर्वात साधी आणि सर्वात निर्णायक आहे. २०१७ मध्ये अनेकांना आपण नेमकं कोणतं औषध फवारलं हे सिद्ध करणं अवघड गेलं. डबी फेकून दिलेली, मिश्रण दोन-तीन औषधांचं, खरेदी उधारीवर आणि पावती कच्ची. मजुराच्या हातात तर कोणताच कागद नसतो, कारण औषध मालकाने आणलेलं असतं. कंपनीकडे प्रत्येक बॅचची नोंद असते आणि मजुराकडे फक्त आठवण. न्यायालयात आठवणीपेक्षा नोंद जड ठरते.

पुढचं प्रकरण कुठून येणार?

ते कदाचित कार्बन क्रेडिटच्या करारातून येईल. शेतात कमी नांगरट केली, सेंद्रिय खत घातलं, बांधावर झाडं लावली तर जमिनीत कार्बन साठतो. त्याचं मोजमाप करून क्रेडिट तयार होतं आणि ते एखादी कंपनी विकत घेते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हे जोडउत्पन्न ठरू शकतं आणि त्याला सरसकट विरोध करण्याचं कारण नाही.

पण हा करार आहे, आणि करारात वाक्यं असतात. किती वर्षांचा? मधल्या काळात शेत विकलं किंवा भावांत वाटण्या झाल्या तर? एखाद्या वर्षी कीड आली आणि ठरलेली पद्धत पाळता आली नाही तर दंड आहे का? क्रेडिट कितीला विकलं हे शेतकऱ्याला कळणार का? वाद झाला तर खटला पांढरकवड्यात चालणार की दिल्लीतल्या लवादापुढे? करार इंग्रजीत असेल आणि सही मोबाइलवरच्या ओटीपीने होत असेल, तर ही वाक्यं कोण वाचणार?

समोरच्या कंपनीचा करार वकिलाने लिहिलेला असतो. तो शेतकऱ्याच्या बाजूने एकदा तरी वकिलाने वाचलेला असावा, ही मागणी अवाजवी नाही. २०१७ ची चूक इथे टाळता येईल, कारण अजून फारशा सह्या झालेल्या नाहीत.

'सगळं कोर्टात नेऊन काय होणार?'

हा आक्षेप खरा आहे. खटले वर्षानुवर्षं चालतात. पेशीला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. वकिलांवरही लोकांचा फारसा विश्वास नाही आणि त्याला कारणं आहेत. शिवाय प्रत्येक निर्णयाला खटल्याची भीती बसली तर अधिकारी निर्णयच घेणार नाहीत, असंही म्हटलं जातं.

पेरूमधल्या शेतकरी साउल लुसियानो लियूया यांची गोष्ट इथे आठवावी. हिमनदी वितळून वरच्या तळ्याचं पाणी आपल्या गावावर येईल म्हणून त्यांनी २०१५ मध्ये जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. जगाच्या एकूण उत्सर्जनात कंपनीचा जितका वाटा, तितकाच बंदोबस्ताच्या खर्चातला वाटा तिने द्यावा, एवढीच मागणी. २८ मे २०२५ रोजी हाम शहरातल्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा ठरला नाही. पण मोठ्या उत्सर्जक कंपनीला अशा नुकसानीसाठी जर्मन दिवाणी कायद्याखाली तत्त्वतः जबाबदार धरता येतं, हे त्याच न्यायालयाने मान्य केलं. शेतकरी हरला, पण पुढच्या माणसासाठी रस्ता उघडला गेला. त्यासाठी दहा वर्षं लागली.

दहा वर्षं यवतमाळच्या कोणत्याही कुटुंबाला परवडणारी नाहीत. म्हणूनच कायदेशीर सल्ला म्हणजे फक्त खटला, ही समजूत सोडायला हवी. कंपनीचा वकील बहुतेक वेळ कोर्टात नसतो. तो करार वाचतो, मुदती सांभाळतो, पत्रं लिहितो आणि धोका आधी दाखवतो. शेतकऱ्यालाही हेच हवं आहे. वेळेवर लिहिलेलं एक पत्र आणि नीट भरलेला एक पंचनामा यामुळे अनेक खटले उभेच राहत नाहीत. आणि अधिकाऱ्यांच्या भीतीबद्दल बोलायचं तर नियमात राहून, कारणं नोंदवून निर्णय घेणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही.

मग करायचं काय?

पहिलं, फवारणीच्या हंगामाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि कृषी विभागाने मिळून प्रत्येक तालुक्यात शिबिर घ्यावं, पण न्यायालयाच्या आवारात नव्हे. ते आठवडी बाजारात आणि कृषी सेवा केंद्रासमोर घ्यावं. विधी सेवा यंत्रणेकडे पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक नेमण्याची सोय आहेच. कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारे स्वयंसेवक त्यात असावेत.

दुसरं, आपत्तीचा पंचनामा सुरू झाला की त्याच दिवशी विधी स्वयंसेवक गावात असावा आणि पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावी.

तिसरं, कार्बन क्रेडिटचा कोणताही करार मराठीत असावा, त्याचा एक नमुना सरकारने जाहीर करावा आणि सहीआधी काही दिवसांचा विचार करण्याचा काळ असावा. राज्य सरकारचा कृषी विभाग आणि विधी विभाग एकत्र बसले तर हे काही आठवड्यांत होऊ शकतं.

चौथं, जिल्ह्यात माल विकणाऱ्या किंवा जिल्ह्यातून कापूस, कोळसा, सिमेंट नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या शाश्वतता अहवालातला यवतमाळचा भाग मराठीत प्रसिद्ध करावा. जे गुंतवणूकदाराला सांगता येतं, ते शेजाऱ्याला सांगायला हरकत नसावी.

आणि पाचवं, विमा किंवा मदतीचा नियम बदलण्याआधी त्याचा मसुदा ग्रामसभांपर्यंत जावा. रणजितसिंह निकालानंतर हवामानाचा फटका हा नशिबाचा भाग उरलेला नाही, तो हक्काचा विषय झाला आहे. हक्काचा विषय असेल तर ज्याचा हक्क त्याला आधी विचारलं पाहिजे.

या पाचपैकी एकाही गोष्टीसाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. कलम १२ आहे, समित्या आहेत, हेल्पलाइन आहे, मोबाइल तर प्रत्येक घरात आहे. नाही ती फक्त वेळेवर बांधावर जाण्याची सवय.

पुढच्या पावसाळ्यात पऱ्हाटी पुन्हा वाढेल, कीड पुन्हा येईल, एखाद्या नाल्याला पुन्हा पूर येईल. त्या दिवशी कंपनीला आणि सरकारला त्यांचा वकील एका फोनवर मिळेल. यवतमाळच्या कास्तकारालाही तो एका फोनवर मिळतो का आणि फोन लागल्यावर पलीकडून कोणी गावात येतं का, यावरून कळेल की २०१७ मधून जिल्हा काही शिकला की नाही.